पाइपाची हरकत

इंदुमतीबाई मगदूम यांनी वेल्डिंगचा पहिला टाका मारायला डोळ्यांपुढं काच धरली, तेव्हा जिन्याच्या कठड्यासाठी आणलेल्या स्टीलच्या पाइपानं आपल्याला लोखंडाशी जोडून घ्यायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं.

बाईंनी काच खाली केली. "का?"

"त्याला गंज आहे," पाइप म्हणाला. "आज त्याला आहे, उद्या मला लागेल. माझी हरकत आहे."

इंदुमतीबाईंचं डोकं एरवीही लवकर तापायचं, आणि त्या पावसाळ्यापासून तर ते थंड झालंच नव्हतं. त्यांच्या घराचा जिना बाहेरून होता, अरुंद आणि उभा. पावसाळ्यातल्या एका सकाळी त्याचा लोखंडी कठडा त्यांच्या यजमानांच्या, जिनगोंडांच्या हातात आला आणि त्यांच्यासकट खाली गेला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणल्यावर चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून माडीवर नेलं, ते तिथंच राहिले. हाड सांधलं, काठी घेऊन चालायलाही लागले, पण माडीवरच. धरायला काही असल्याशिवाय जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गावातल्या एकूणएक फॅब्रिकेटरांनी उद्या येतो म्हणून सांगितलं आणि कुणी आलं नाही. शेवटी बाई रज्जाक मुल्लाणीच्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "तू येणार नाहीस, हे मला कळलंय. मग मला शिकव." रज्जाकनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि निमूटपणे होल्डर त्यांच्या हातात दिला. चार भंगार तुकडे चिकटवून झाल्यावर त्यानं जुनं मशीनही वापरायला दिलं. तेवढं एक सांगितलं, "मावशी, लोखंडाला लोखंड कसंही जोडा, कुणी विचारत नाही. पण स्टीलला लोखंड जोडायचं तर रॉड वेगळा लागतो, तीनशे नऊ नंबरचा. आणि दोघांचा होकार लागतो. हरकत आली तर नगरपालिकेला कळवायचं, आपल्या मनानं उरकायचं नाही."

बाईंनी कळवलं. जोडकाम विभागाचे हिरेमठसाहेब दुसऱ्याच दिवशी आले आणि तिसऱ्या पायरीवर रुमाल अंथरून बसले.

"पाइपाचं म्हणणं काय?"

पाइप भिंतीला टेकून उभा होता. "ह्याच लोखंडानं माणूस पाडलाय. त्याच्या खांबांवर मी का म्हणून बसू?"

"खांबांचं म्हणणं?"

कठडा गेला तरी त्याचे खांब पायऱ्यांत गाडलेले होते. त्यांतला सगळ्यात खालचा खांब बोलला. इतकी वर्षं गप्प असल्यामुळं त्याचा आवाज खरखरीत झाला होता. "मला शेवटचा रंग कधी दिला, ते विचारा आधी. ओल्या गोधड्या वाळत घालायला आम्ही. सायकल बांधायला आम्ही. मांजर पाय घासायला आमच्याकडं. तेव्हा कुणाला गंज दिसला नाही आणि आता हा नवा येऊन नाक मुरडतोय!"

"आवाज खाली," हिरेमठ म्हणाले.

वरच्या खिडकीतून जिनगोंडांनी डोकं बाहेर काढलं. "खांबाचं बरोबर आहे. रंगाचं राहूनच गेलं."

"तुम्ही आत व्हा!" इंदुमतीबाई ओरडल्या.

हिरेमठांनी बराच विचार केला. "एकमत होईस्तोवर काम बंद ठेवा. तोपर्यंत जिन्याला काथ्याची दोरी बांधून घ्या."

"दोरी?" बाई दोन पायऱ्या चढून त्यांच्या समोर आल्या. "हाड मोडलेल्या माणसानं दोरीला लोंबकळत खाली यायचं? वर कोंडून घातलंय त्यांना, साहेब! पिंजऱ्यातल्या पोपटासारखे खिडकीतून बोलतात!"

"हाडांचं आमच्याकडं येत नाही," हिरेमठ रुमाल झटकत म्हणाले. "आमच्याकडं फक्त धातू."

ते गेल्यावर बाईंनी हातमोजा काढून पाइपाच्या दिशेनं भिरकावला. "बोल आता. तो गेला. खरं काय ते बोल. नुसत्या गंजासाठी एवढं कुणी अडून बसत नाही."

पाइप म्हणाला, "रागावू नका. लोखंडाचं मी चालवून घेईन. मला भय आहे तुमच्या हाताचं. काल हात बसवताना तुम्ही त्या कोपऱ्यातल्या पत्र्याला भोक पाडलंत. मी बघत होतो."

इंदुमतीबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पाइपाला उचलून रस्त्यावर फेकावं असं त्यांना वाटलं. त्या त्याच्याजवळ गेल्याही, पण पत्र्याचं भोक समोरच होतं, अंगठा जाईल एवढं.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. "मला काय हौस होती का शिकायची? ज्यांना येतं ते येत नाहीत, म्हणून मी उभी आहे इथं!"

"वहिनी," खालचा खांब म्हणाला, "माझ्यावर शिका. मागच्या अंगाला मारा, तिकडं कुणी बघत नाही."

"भाजेल तुला."

"भाजू दे."

मग रोज दुपारी इंदुमतीबाई खांबाच्या मागं फतकल मारून बसायच्या. सुरुवातीचे टाके कावळा शिटल्यासारखे पडले. खांब हूं की चूं करत नसे. बोलायचा तो पाइपच.

"रॉड लांब धरताय."

"तुला विचारलं?"

"घाई करताय. रस वितळून बसू द्या, मग पुढं सरका."

"तोंड बंद ठेव!" बाई म्हणायच्या आणि रॉड जवळ आणायच्या. रागानं हात थरथरायचा, म्हणून त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवायला सुरुवात केली. त्यानं रेघ सरळ आली. राग होता तेवढाच राहिला.

एका दुपारी पाइप म्हणाला, "करंट थोडा कमी ठेवा. मला लोखंडापेक्षा लवकर ताप चढतो. आणि त्याला घासलेला ब्रश मला लावू नका, त्याचा कीस माझ्यात बसतो आणि मग मीही गंजतो."

"म्हणजे तू तयार आहेस?"

"करंटबद्दल बोललो मी."

बाईंनी नवा ब्रश आणला, खांबांची डोकी उजळ निघेपर्यंत घासली आणि हिरेमठांना बोलावणं धाडलं. हरकत मागं घ्यायलाही सुनावणी लागते, आणि ती पुढच्या महिन्यात, असं ते फाटकातूनच सांगू लागले. इंदुमतीबाई डोक्यावर काच, हातात होल्डर घेऊन त्यांच्यापर्यंत चालत गेल्या. "आत्ता विचारा."

हिरेमठांनी आत्ता विचारलं. दोघांनीही होकार दिला.

बाईंनी आधी खालच्या खांबावर टाका मारला, मग सगळ्यात वरच्या, मग मधल्यांवर, म्हणजे तापून पाइप एका अंगाला ओढला जाऊ नये. तरी तो जरासा ओढला गेलाच. "वाकलो," तो म्हणाला. "दिसत नाही लांबून," खांब म्हणाला. जोड देखणे नव्हते. हिरेमठांनी पाइपाला धरून सगळं वजन टाकून बघितलं आणि ते निघून गेले.

जोड निवल्यावर जिनगोंडा दारात आले. पाइप धरून त्यांनी पाय खाली टाकला.

"डावा आधी," पाइप खेकसला. "दुखरा आधी उतरवायचा. कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं होतं," जिनगोंडा म्हणाले आणि पाय बदलला.

एकेक पायरी उतरत ते अंगणात आले, फाटक उघडलं आणि मागं न बघता कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं चालू पडले. इंदुमतीबाई शेवटच्या पायरीवर बसल्या. आता राग कुणावर काढायचा ते त्यांना कळत नव्हतं.

"परत कधी येतील?" पाइपानं विचारलं.

"येतील दाढी झाली की."

"चढताना भार जास्त पडतो. मी थांबतो इथं."

"न थांबून जाणार कुठं?" इंदुमतीबाई त्याच्यावर ओरडल्या.