फुलपात्राने मोजलेला रस्ता

चार वर्षं मी हे सांगायचं टाळत आलो. कोणी त्या सायकल शर्यतीचा विषय काढला की मला नेमकं दुसरं काम आठवायचं. आता ऐंशीला टेकलो, कामं संपली, तेव्हा सांगून टाकतो.

झाशीत खंडेराव गेटाजवळ आमच्या मागच्या गल्लीत सोनवणे राहत. ते सायकलच्या हँडलला पाण्याने काठोकाठ भरलेलं पितळी फुलपात्र बांधून हिंडत. मूळचे भुसावळचे, नोकरी रेल्वेत, रुळांची देखभाल करणारे निरीक्षक. डब्यात पाण्याचा पेला ठेवायचा आणि तो किती हिंदकळतो त्यावरून रूळ ओळखायचा, ही त्यांची जुनी सवय. निवृत्तीनंतर रूळ सुटले, तेव्हा त्यांनी रस्ते धरले. घरी परतले की फुलपात्रात बोट बुडवून निकाल द्यायचे, "चिरगाव रोड, दोन बोटं सांडलं. पास."

एकदा चिरगावात दोन बायकांनी त्या सायकलीला वाकून नमस्कार केला. "बाबा, गंगाजल है का?"

"नहीं माई, मीटर है."

तरी एकीने आत झेंडूचं फूल टाकलंच. फुलामुळे माप चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी हे पुन्हा चिरगावला.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी भुसावळला. संध्याकाळी आमच्याकडे यायचे. जिन्यातूनच ओरडायचे, "वहिनी, लाइन क्लिअर आहे का?" आणि चहा हवा असला की खुर्चीत बसून म्हणायचे, "इंजिन पाणी भरायला थांबलंय." माझी बायको मालती मांडीचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं अंथरुणावर होती. दिवसभरात ती हसायची ती तेवढ्यापुरती.

मग झाशीत पाच टप्प्यांची मोठी सायकल शर्यत व्हायची ठरली. देशोदेशीचे पगारी सायकलपटू येणार. मी कॉलेजातला निवृत्त हेडक्लार्क, अक्षर बरं, म्हणून स्थानिक समितीने मला चिटणीस केलं. महिनाभरात सोनवण्यांनी माझ्या हातात कागदाची गुंडाळी ठेवली. रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांच्या पाठीवर त्यांनी पाचही टप्पे आखले होते. ओरछा, बरुआसागर, ललितपूर, दतिया, सगळा मुलूख त्यात. कडेला बारीक अक्षरात शेरे: "साडेनऊ वाजता म्हशी, उजवीकडून." "कचोरीवाला. रस्त्यावर तेल. जपून."

"हा चढ दिसत तर नाही," मी एका ठिकाणी बोट ठेवून म्हणालो.

"चढ डोळ्यांना दिसत नाही भाऊसाहेब, मांडीला कळतो."

"बरं, तुम्हाला याचं काय हवं?"

"काही नको. फक्त खाली कोपऱ्यात नाव घाला. आमच्याकडे प्रत्येक नकाशावर असतं. घोटाळा झाला तर कोणाला धरायचं ते कळतं."

समितीत मी ती गुंडाळी म्हशींचे शेरे वाचून दाखवण्यापुरतीच उघडली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. मार्ग दिल्लीच्या एका कंपनीने आखून दिला, रंगीत, गुळगुळीत कागदावर. सरावाच्या दिवशी दुसऱ्या टप्प्यावर सगळा ताफा रेल्वेच्या बंद फाटकाशी अडला. मालगाडी गेली, मग दुसरी आली. पुढे आणखी दोन फाटकं होती. कंपनीच्या लोकांनी चढ, वळणं, हॉटेलं, सगळं पाहिलं होतं. झाशीत रेल्वे आहे, हे तेवढं राहिलं होतं.

अध्यक्षांनी मला दोन दिवसांत पर्याय मागितला. मी सोनवण्यांची गुंडाळी काढली. पाच टप्प्यांत एकही फाटक नव्हतं. जिथे रूळ आडवे येत तिथे रस्ता पुलावरून किंवा पुलाखालून. ते सगळं मी माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि म्हशी गाळल्या. अध्यक्ष बघतच राहिले.

"भाई साहब, ये आपने बनाया?"

पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे मसुदे उतरवले. हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, "जी."

त्यांनी एकच शंका काढली. शेवटच्या टप्प्यात सरळ रस्ता सोडून खंडेराव गेटाकडे वळण कशाला? मला उत्तर माहीत नव्हतं. "शहराची शान दिसेल," असं ठोकून दिलं.

शर्यत अशी झाली की झाशी अजून बोलते. पाच दिवस ताफा कुठे अडला नाही, एक माणूस पडला नाही. गावोगावी लोक छपरांवर चढले होते. परदेशी पाहुणे म्हणाले, असा मार्ग फार थोड्या ठिकाणी पाहिला. शेवटच्या दिवशी मी साफा बांधून मंचावर होतो, गळ्यात हार, आणि मला तो मनापासून आवडत होता.

घरी आलो तर मालतीचा पलंग खिडकीशी.

"सोनवणेभाऊजींनी सकाळीच ओढला," ती म्हणाली. "म्हणाले, वहिनी, दोन वर्षं छत बघताय, आज रेस तुमच्या खिडकीखालून नेतो. वळण असं घातलंय की त्यांना हळू व्हावंच लागेल. आणि खरंच हळू झाले हो. सगळ्यांचे चेहरे दिसले. एकाने मला हात केला."

"सोनवण्यांना आवडलं का?"

"त्यांना कुठे दिसलं? मला बसवत नव्हतं, ते मागे पाठीला धरून होते. मीच सांगत होते, लाल आला, पिवळा आला."

दुसऱ्या दिवशी ते आले. छापील नकाशा माझ्या टेबलावरच होता, कोपऱ्यात माझं नाव. त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "अक्षर सुरेख आलंय, भाऊसाहेब." आणि चहा मागितला.

पुढे मुलगी त्यांना भुसावळला घेऊन गेली. स्टेशनवर मी सुरुवात केली, "सोनवणे, त्या नकाशाचं..."

"हो, पुढच्या वेळी तालबेहटकडून न्या," ते दारातून म्हणाले. "घाट झकास आहे." गाडी सुटली. गेल्या माघात ते भुसावळलाच वारले.

शर्यत दर हिवाळ्यात त्याच मार्गाने जाते. आज समितीला पत्र टाकलं आहे. यंदापासून कोपऱ्यात त्यांचं नाव असेल, अध्यक्षांनी फोनवर कबूल केलंय. ते काम झालं. स्टेशनवर बोलायचं राहिलं ते मात्र इथेच लिहितो. सोनवणे, त्या दिवशी मंचावर तुम्ही असायला हवं होतं आणि हिच्या पाठीशी मी. माझं चुकलं.