महादेवीच्या खुर्चीचं माप

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात जळकोटकडच्या एका सहकारी संघात कम्प्युटर आला आणि चौथ्याच दिवशी महादेवीची मान डावीकडं अवघडून बसली. उजवीकडून कुणी हाक मारली की तिला आख्खं वळावं लागे.

साडेचार हजार सभासदांची यादी पंधरा दिवसांत मशीनवर चढवायची होती. त्या यादीवरून कार्डं निघणार आणि मगच डेपोतून कडबा सुटणार. कम्प्युटर शिकलेली सगळ्या संघात ती एकटीच. दावणीला उपाशी जनावरं उभी असताना रजा घेणं तिला पटेना. ती सरळ मॅनेजरांपुढं गेली.

"सर, मला नीट खुर्ची पाहिजे."

सिद्धेश्वर मॅनेजर हसले. "अवो बाई, बसूनच तर काम हाय. बसून कुणाची मान अवघडती व्हय?"

"मग तुम्हीच बसून बघा."

ते लोखंडी घडीच्या खुर्चीत बसले. टेबल इतकं उंच, की बटणं त्यांच्या छातीशी आली. पाव तासात एक नाव टाइप करून ते कंबर धरून उठले आणि खुर्चीच्या शोधाला लागले.

आधी लोखंडी खुर्चीवर बारदान आलं. उंची जमली, पण महादेवी दर पाच नावांमागं घसरून टेबलाखाली जाऊ लागली. मग सागवानी हातांची खुर्ची आली. तिचे हात टेबलाला अडले आणि महादेवी मशीनपासून दीड हात लांब राहिली. शेवटी सोलापूरहून एसटीच्या टपावर बांधून फिरती खुर्ची आणली. चाकांची, उंच पाठीची.

महादेवी तिच्यावर टेकते न टेकते तोच चेअरमन आण्णासाहेब दारात उभे राहिले.

"मॅनेजर, हिच्या खुर्चीची पाठ आमच्या खुर्चीहून उंच कशी काय?"

मॅनेजरांनी महादेवीला उठवलं. खुर्ची चेअरमनच्या केबिनमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी संचालकांची बैठक होती. "संघ एक पाऊल मागं घेनार न्हाय!" असं म्हणत आण्णासाहेबांनी टेबलाला जोरात पाय लावला. फरशीला उतार होता. आण्णासाहेब फिरत्या खुर्चीसकट, भाषणासकट मागं निघाले, उघड्या दारातून व्हरांड्यात आले आणि कडब्यासाठी बसलेल्या बायांमध्ये जाऊन थांबले.

त्यांतल्या द्वारकाबाईंनी पदर सावरत त्यांना विचारलं, "सायेब, कडबा कवा मिळंल?"

फिरती खुर्ची त्याच दुपारी कुलपात गेली. पण आता कुणाच्या भरवशावर राहायचं नाही, हे महादेवीनं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत ती तिरप्या मानेनंच हणमंतप्पा सुताराकडं गेली. म्हातारा बैलगाडीचं जू तासत होता.

"मामा, बैलाच्या मानेचं माप घेता. माझ्या पाठीचं घ्याल का?"

"चल, तुझं काम दाव आधी."

संघात येऊन अर्धा तास तो तिच्यामागं उभा राहून तिचं काम बघत होता. मग सुतळीनं गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं आणि कोपरापासून टेबलापर्यंतचं माप घेतलं. मॅनेजर नको नको म्हणेपर्यंत टेबलाचे पाय चार बोटं कापले. कमरेला टेकेल अशा बुटक्या पाठीची, बिनहातांची बाभळीची खुर्ची दोन दिवसांत केली आणि तिच्या पावलांखाली एक तिरपी फळी ठेवली. महादेवीचे खांदे खाली आले, मान सुटली. मुदतीच्या एक दिवस आधीच कार्डं निघाली आणि कडब्याच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या.

आण्णासाहेबांना चैन पडेना. त्यांनी हणमंतप्पाला बोलावून घेतलं. "आमचं बी माप घे. असंच, काम बघून."

हणमंतप्पा सुतळी घेऊन उभा राहिला. महादेवी सहीसाठी कागद घेऊन तिथंच थांबली होती. आण्णासाहेबांनी एक सही केली, चहा मागवला, पाय लांब सोडले आणि छताकडं बघत बसले.

"करा की काम सुरू," हणमंतप्पा म्हणाला.

"हे काय, चालूच हाय की."

हणमंतप्पानं मान हलवली आणि पसरलेल्या आण्णासाहेबांचं डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. महादेवीनं तोंडापुढं कागद धरला.

आठ दिवसांनी केबिनमध्ये ऐसपैस आरामखुर्ची आली. आण्णासाहेब तिच्यात रेलले, डोळे मिटले आणि खूश होऊन म्हणाले, "वा, हणमंतप्पा! माप लई बरोबर घेतलंस."