बाहीवरचा डाग

रविवारी सकाळी आत्याबाईंच्या मिस्टरांनी बायकोला घरकामात मदत करायचं ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

आत्याबाई हे काही तिचं नाव नव्हे. टीव्हीवरच्या एका मालिकेत ती बावीस वर्षं नायिकेची आत्या होती. तिच्यादेखत नायिकेची तीन लग्नं झाली, नायक दोनदा मरून परत आला, आत्या आपली दाराशी उभी राहून "अगं बाई!" म्हणत राहिली. आता कुठे तिचं नशीब उघडलं होतं. सोमवारी भरल्या घरात ती नायिकेवरचा विषप्रयोग सिद्ध करणार होती. पुरावा म्हणजे तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर सांडलेलं विषारी सरबत. त्या डागाभोवती कॅमेरा तीन आठवडे घिरट्या घालत होता. बटण सैल झालं म्हणून तिने कोट घरी आणला होता, एवढंच.

मिस्टरांना तो डाग दिसला आणि बायकोची दया आली. (मालिका ते कधीच बघत नसत. "बघतो की," असं मात्र न चुकता सांगत.) त्यांनी साबण, सोडा, ब्रश, सगळी आयुधं परजली आणि दुपारी इस्त्री करून कोट दारातच टांगला.

"अहो, डाग कुठे गेला?"

"मुळासकट गेला!" मिस्टर म्हणाले. "आहेस कुठे!"

तिने बाही उलटसुलट करून पाहिली. "अहो, तो माझा पुरावा होता!"

"कसला पुरावा?"

"म्हणजे... तुम्ही मालिका बघत नाही?"

डाग काढणं सोपं होतं. हे अवघड होतं.

मग मिस्टरांनी आपल्या जुन्या शर्टांवर चहा, कॉफी, शाई ओतून पाहिली. मूळ डाग बदकासारखा होता.

"हे बघ, जमलं बदक."

"हा बूट आहे." तिने शर्ट बाजूला सारला. "राहू द्या. प्रसंग कापतील. दाराशी उभं राहायची सवय आहे मला."

हे मात्र मिस्टरांच्या काळजात घुसलं. सोमवारी ते स्वतः दिग्दर्शकापुढे उभे राहिले. "साहेब, गुन्हा माझा आहे."

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "डागच नाही, तर आत्या आता बोलणार काय?"

"बोलेल ना," आत्याबाई शांतपणे म्हणाली. "डाग मीच धुतला, म्हणेल. कारण विषही मीच घातलं. दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे बघतं कोण?"

दिग्दर्शकाने लगेच कॅमेरा लावायला सांगितलं. मग दिव्यांचा लखलखाट झाला आणि ती बोलायला लागली. कॅमेऱ्यामागे मिस्टर आ वासून बघत होते. ही बाई रोज आपल्याला चहा करून देत होती?

प्रसंग संपला तेव्हा दिग्दर्शक टाळ्या पिटत होता. उद्यापासून आत्याच खलनायिका! मिस्टरांची छाती फुगली. आपणच घडवली हो ही, असं ते मनातल्या मनात मुलाखतीत सांगूही लागले.

तेवढ्यात कपडेपटवाले काका एक भलंमोठं गाठोडं घेऊन आले आणि त्यांनी ते मिस्टरांच्या हातात कोंबलं.

"नायकाचे रक्ताळलेले शर्ट आहेत. आम्ही सगळ्यांनी हात टेकले. बाईच म्हणाल्या, आमच्या ह्यांना द्या, ते घरीच असतात."