चष्मा काढून ऐकणारे सुरवाडे सर

नीट ऐकायचं म्हटलं की माणूस कान पुढं करतो. आमचे सुरवाडे सर चष्मा काढायचे.

समोर कोणी बसून बोलायला लागलं की डोळ्यांवरचा चष्मा उतरवायचा, घडी करून खिशात घालायचा आणि म्हणायचं, "हं, आता बोल. मला काही दिसत नाही." आणि खरंच दिसायचं नाही. नंबर इतका जाड की चष्म्याशिवाय त्यांना म्हैस कोणती आणि मुख्याध्यापक कोणते हे कळलं नसतं. मी माझ्या मनचं सांगत नाही. एकदा आमचे हेडसर त्यांच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले आणि वेळापत्रकावरून पाच मिनिटं तावातावानं बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "घरी असंच कोणी ओरडतं का तुझ्यावर, बेटा?"

हेडसर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मला वाटतं, प्रश्न बरोबर जागी लागला होता.

शिंदखेडा तालुक्यातली ही शाळा. मी तिथला शिपाई. शिकलो चौथीपर्यंत, पण शाळेत पाच मुख्याध्यापक आले आणि गेले, आणि पाचही जणांना आपल्याच खोलीची किल्ली माझ्याकडं मागावी लागली. तेव्हा शाळा कोणाची, ते तुम्ही ठरवा. पोरं मला नाना म्हणत, आणि त्यांचं ऐकून मास्तर लोकही.

सुरवाडे सर मूळ चित्रकलेचे. गाव मुक्ताईनगरकडं, केळीच्या पट्ट्यातलं. ते समुपदेशक कसे झाले, ती गंमतच आहे. वरून कागद आला की प्रत्येक शाळेत एक समुपदेशक पाहिजे, पोरांच्या मनाचं ऐकायला. मीटिंगमध्ये हेडसरांनी विचारलं, "कोण तयार आहे?" तर सगळ्या मास्तरांना एकदम वह्या तपासायची आठवण झाली. बायाबापड्या खाली मान घालून तांदूळ निवडतात तशा माना खाली. सुरवाडे सरांकडं वह्याच नव्हत्या. तेवढ्या एका गुणावर त्यांची निवड झाली. मग धुळ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, आणि मोडक्या बाकांच्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली. पाटी मीच ठोकली. जरा तिरपी बसली, ती तशीच राहू दिली.

खरं सांगतो, मला हे थेर पटलं नव्हतं. आमच्या वेळी मास्तर कानाखाली एक देत, त्यात पोराचा प्रश्नही आला आणि उत्तरही आलं. मी सरांना तोंडावर म्हटलं, "सर, नुसतं बोलीसन काय व्हस?"

"काही होत नाही, नाना."

"मंग?"

"मग पुन्हा बोलायचं."

आता अशा माणसाशी भांडणार कसं?

पहिल्या महिन्यात त्या खोलीकडं कुत्रंही फिरकलं नाही. त्याला कारण आमचेच लोक. गणिताचे मास्तर पोरांना दम भरायचे, "गप बस, नाहीतर सुरवाडे सरांकडं पाठवीन." म्हणजे आधी जी जागा छडीची होती ती सरांना मिळाली. त्यावर हेडसरांनी कळस केला. सकाळच्या परिपाठात, प्रतिज्ञा झाली की माइकवर जाहीर करायचे, "आठवी ब मधल्या पुढील विद्यार्थ्यांनी मन मोकळं करण्यासाठी तिसऱ्या तासाला कक्षात हजर राहावं." आणि नावं वाचायचे! नाव घेतलं की पोरगं मैदानावर असं उभं राही, जशी काही त्याच्या घरावर जप्ती आली. पोरं त्याला चिडवत, "मन मोकळं, मन मोकळं!" एका पोरीनं तर आठ दिवस शाळाच बुडवली.

सरांनी हेडसरांशी वाद घातला नाही. वाद त्यांना येतच नसे. त्यांनी दुसऱ्या दिवशी कक्षाच्या भिंतीवर कोळशानं एक केळीचं झाड काढलं आणि सगळ्या वर्गांत सांगितलं, "चित्र रंगवायचं आहे. ब्रश धुवायला मुलं लागतील. ज्याला वाटेल त्यानं यावं."

झालं! ब्रश धुवायला कोणाला लाज? हळूहळू पोरं यायला लागली. आत गेलं की दार लोटलं जायचं, सरांचा चष्मा खिशात जायचा, आणि ब्रश राहायचा बाजूला. मी बाहेर स्टुलावर बसलेला असायचो. त्या एका केळीला रंग द्यायला दोन वर्षं लागली, तरी घड लागला नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलंच, "हे झाड पूर्ण का नाही?" सर म्हणाले, "साहेब, केळीला वेळ लागतो." साहेब शहरातले होते, त्यांनी तसं वहीत लिहून घेतलं.

एकदा आठवीतली एक पोरगी आत गेली. कपाशी वेचायला घरी ठेवत म्हणून आधीच आठवड्यातून तीन दिवस येणारी. अर्ध्या तासानं बाहेर आली, हातात ब्रश.

मी म्हटलं, "का वं, ब्रश तर कोरडाच शे तुन्हा!"

"ऊनमा वाळना, नाना," ती म्हणाली. ब्रश वाळला होता. डोळे अजून वाळायचे होते.

मी आत जाऊन सरांना विचारलं, "काय म्हणे ती?"

"कोण ती?"

"आत्ता गेली ती."

सरांनी चष्मा घातला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "नाना, मी पाहिलंच नाही कोण होतं." मला राग आला. मी शाळेचा माणूस, मला सांगायला काय झालं? नंतर माझ्या ध्यानात आलं की चष्मा काढायचं कारण हेच आहे. पोरालाही आपल्याकडं कोणी बघत नाही असं वाटावं, आणि उद्या कोणी खोदून विचारलं तर खोटं बोलायची पाळी येऊ नये.

पोरांचं पाहून मोठी माणसंही शिरायला लागली. खिचडी शिजवणाऱ्या मावशी सुनेचं गाऱ्हाणं घेऊन यायच्या. गणिताचे मास्तर, तेच ते छडीवाले, मधल्या सुट्टीत आजूबाजूला बघत आत जायचे आणि बाहेर येताना हातात उगाच एक ब्रश धरायचे. सर रोज धुळ्याहून यायचे; एसटीचा कंडक्टर तर त्यांना शिंदखेड्यापर्यंत तिकीट फाडत फाडत आपल्या भावकीचं सांगायचा. संध्याकाळी सर पिळून दोरीवर टाकलेल्या धोतरासारखे दिसत. मी विचारायचो, "सर, बरं नाही का?" की लगेच उत्तर, "मी मजेत. तुमचं सांगा." असं म्हणून हात चष्म्याकडं न्यायचे. मी तिथून निघून जायचो. मला कोणासमोर रडायचं नव्हतं.

समुपदेशकांची काळजी सरकारला नाही असं मात्र म्हणू नका. एकदा पत्र आलं: समुपदेशकांवर फार ताण येतो, सबब त्यांच्यासाठी धुळ्याला तणावमुक्ती कार्यशाळा, रविवारी, सकाळी नऊ ते पाच, उपस्थिती सक्तीची. गैरहजर राहील त्याला नोटीस. सोमवारी सर आले तेव्हा हातात कापडी पिशवी, पेन आणि एक प्रमाणपत्र. मी म्हटलं, "गेला का तणाव?"

"गेला, नाना. दुपारी सगळ्यांना डोळे मिटून समुद्र डोळ्यांपुढं आणायला सांगितलं. मी आयुष्यात समुद्र पाहिला नाही. मग तापी आणली."

"मग?"

"मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, लाटा मोजा. तापीला त्या दिवसांत पाणीच नव्हतं."

याच्या पुढच्या महिन्यात तो कागद आला, ज्यासाठी मी हे सगळं सांगायला बसलो. मोठा तक्ता होता. विद्यार्थ्याचे नाव, वय, इयत्ता, समस्या, केलेली उपाययोजना, सुधारणा टक्क्यांत. समुपदेशकानं भरून द्यायचा. हेडसरांनी सरांना बोलावलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन तिथंच उभा.

"सुरवाडे, सोमवारपर्यंत यादी पाहिजे. नावानिशी."

"नावं नाहीत, सर."

"दोन वर्षं पोरं आत जाताहेत आणि नावं नाहीत?"

"मी पाहिली नाहीत, सर. चष्मा काढलेला असतो."

हेडसर टेबलावर हात आपटून म्हणाले, "हे बघा, तक्ता कोरा गेला तर वरचे म्हणतील कक्ष चालत नाही. मग मी तो बंद करीन आणि तिथं खिचडीच्या तांदळाची पोती ठेवीन. तशीही पोती बाहेर ठेवली की उंदीर फोडतात." मग माझ्याकडं वळले. "नाना, तुम्ही तर दारातच बसता. तुम्ही सांगा, कोण कोण जातं?"

आता माझी पाळी. मला एकेक नाव पाठ होतं. बापाचं, आज्याचं नावसुद्धा. पण माझं मन माझ्या मर्जीचं. मी म्हटलं, "साहेब, मी चौथी पास गडी. माले बठ्ठा पोरे सारखाच दिसतस."

"खोटं बोलू नका! रोज नाव घेऊन शिव्या देता त्यांना!"

"अंदाजे देस, साहेब."

बाहेर आल्यावर सर माझ्याकडं बघून हसले नाहीत की आभार मानले नाहीत. फक्त व्हरांड्यात माझ्याबरोबर स्टुलापर्यंत चालत आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. यादी दिली तर पोरांचा घात, नाही दिली तर खोली जाणार, आणि खोली गेली की ती कपाशीवाली पोरगी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांनी कुठं जायचं? तीन दिवस सर तो तक्ता पिशवीतून काढत आणि परत ठेवत. गणिताचे मास्तर सल्ला द्यायला आले, "खोटी नावं टाका हो, कोण बघतंय?" सर म्हणाले, "खोटं नाव कोणाचं तरी खरं असतं."

सोमवारी सरांनी तक्ता माझ्या हातात दिला. "हेडसरांना द्या, नाना." आणि वर्गावर गेले.

दुसऱ्याचा कागद वाचू नये, हे मला कळतं. पण तो कागद माझ्या हातात उघडा होता, आणि व्हरांडा लांब होता. मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून वाचतो. यादीत एकच ओळ होती.

नाव: सुरवाडे. वय: छप्पन्न. इयत्ता या जागी आडवी रेघ. समस्या: "दिवसभर ऐकलेलं घरी सांगायचं नसतं. दुसरं काही सांगायचं तर घरी कोणी नाही. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली. जेवताना समोर कोणी नसल्यामुळे उभ्यानं जेवतो." केलेली उपाययोजना: कोरं. सुधारणा: शून्य टक्के.

मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवून वाचली. दोन वर्षं त्या दारात बसून मला हे कळलं नव्हतं. सरांच्या घरच्या बाई गेल्याचंसुद्धा माहीत नव्हतं; सर आमच्याकडं बदलून आले त्याच्या आधीचं ते. मीही कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा "तुमचं सांगा" म्हटल्यावर पळून गेलो होतो.

कागद हेडसरांपुढं ठेवला. ते फोनवर होते. एका डोळ्यानं तक्त्याकडं पाहिलं, फोनवर हात ठेवून म्हणाले, "एकच? असो, कोरा नाही ना. झालं." खाली सही केली, मी शिक्का मारला, आणि तो कागद लिफाफ्यात गेला. वरच्या कचेरीत तो कोणी वाचला की नाही, देव जाणे. महिन्याभरानं एक पत्र आलं, की आपल्या शाळेचा अहवाल वेळेत मिळाला, अभिनंदन. पोती बाहेरच राहिली. उंदरांची सोय झाली.

पण ते पुढचं. त्या सोमवारी मधली सुट्टी झाली तसा मी डबा घेऊन सरळ कक्षात गेलो. सर खिडकीशी उभे, एका हातात पोळीची गुंडाळी. मी पोरांच्या खुर्चीत बसलो. मोठ्या माणसाला ती तोकडी पडते, गुडघे हनुवटीला येतात.

"सर, बसा. घरून भरीत आलं शे, कळण्याच्या भाकरी शेतस. मन्हाच्यानं एकट्यानं सरत नही."

"नाना, मला भूक..."

"बसा म्हटलं ना!"

माझा आवाज जरा चढला. मला हळू बोलता येत नाही. सर बसले. मी भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं ठेवली. मग काय करावं ते मला सुचेना. प्रश्न कसे विचारतात ते मला माहीत नाही, कोणाचं कधी निमूट ऐकलेलंही नाही. म्हणून मी तोंडात घास भरून ठेवला, म्हणजे बोलायची सोयच राहू नये.

सरांनी एक घास खाल्ला. मग सर भरताकडं बघत म्हणाले, "ती हिरव्या मिरचीत करायची. तुमच्याकडं शेंगदाणे घालतात." मी मान हलवली. "पहिल्यांदा केलं तेव्हा इतकं तिखट झालं होतं, की आम्ही दोघं ओट्यावर जाऊन..." आणि सर हसले. मग तिच्या माहेरच्या केळीच्या बागेचं आलं. वादळात झाडं आडवी झाली तेव्हा ती बांबू लावत कशी फिरली, ते आलं. शेवटच्या आजारात ती सरांच्या चित्रांना नावं कशी ठेवायची, तेही आलं. मी घास गिळायचो आणि दुसरा भरायचो. डबा संपला तेव्हा रिकाम्या तोंडानं गप्प बसलो.

बाहेर पोरं मैदानावर नाचत होती. सुट्टी कधीच संपून गेली होती आणि घंटा द्यायची माझ्याशिवाय कोणाची टाप नव्हती. हेडसर व्हरांड्यात येऊन ओरडले, "नाना! अहो नाना, वेळ बघा! कुठं मेले?"

मी खिडकीतून हात दाखवला आणि तसाच बसून राहिलो. सरांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.