कृपया वर बदला

उंची ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, असा एक गैरसमज समाजात फार काळापासून चालत आला होता. १९९९ साली सांगलीतल्या एका वधू-वर मंडळाने तो दूर केला.

मंडळाची वेबसाइट सम्मेदने बनवली होती. तो कॉम्प्युटर क्लास चालवायचा, आणि 'कॉम्प्युटर कधीच चुकत नाही' अशी पाटी त्याने स्वतःच्या हाताने रंगवून दारावर लावली होती. (पाटीवर 'कॉम्प्युटर' हाच शब्द चुकला होता, पण ती माणसाची चूक.) वेबसाइटवरच्या पसंती-अर्जात त्याने कडक पडताळणी बसवली. वधूचं वय वरापेक्षा कमी हवं, उंचीही कमी हवी. नसेल तर अर्ज परत. पहिल्या महिन्यात एकशे बारा अर्ज आले. त्यांतल्या एक्काहत्तर वधूपित्यांची जन्मतारीख एक जून होती. (शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेली.) त्यावर कॉम्प्युटरने हरकत घेतली नाही, कारण रकान्यात तारीख होती.

मग सम्मेदचंच जमलं. मुलगी राजमती, कवठे महांकाळची, शाळेत गणित शिकवणारी. बघण्याच्या कार्यक्रमात तिने एकच प्रश्न विचारला, "तुमी सोतावर हसता का कवा?"

"रोज," सम्मेद म्हणाला. ते खोटं होतं. पण ती इतकी आवडली होती की पुढ्यातले पोहे खायचे राहून गेले.

रविवारी क्लासमध्ये, सगळ्यांच्या देखत, अर्ज भरला. वराची उंची ५.१०, वधूची ५.२. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'उंची जुळत नाही. कृपया वर बदला.'

'वर' म्हणजे वरच्या रकान्यात, असं सम्मेदला म्हणायचं होतं. राजमतीचे वडील जिनपालअण्णा यांनी मात्र वधू-वर मंडळात तो शब्द जसा वाचतात तसा वाचला, आणि ते टोपी उचलून उठले.

मंडळाचे अध्यक्ष नानासो यांनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. राजमती त्याच्या खांद्याला लागत होती.

"डोळ्याला तर लय फरक दिसतोय, आवं," नानासो म्हणाले.

"डोळ्याचं काय घिऊन बसलाय? मोतीबिंदू झाल्यालं डोळं आपलं," अण्णा म्हणाले. "सम्मेद, कॉम्प्युटर चुकत न्हाई ही पाटी तूच लावलीस न्हवं रं?"

सम्मेदला चूक केव्हाच कळली होती. पाच फूट दहा इंच त्याने ५.१० असं लिहिलं, आणि कॉम्प्युटरने ते दशांश धरलं. दशांशात ५.१० म्हणजे ५.१, ते ५.२ पेक्षा कमीच. पडताळणी लिहिणाराच गाढव होता. तेवढं बोलला असता तर लग्न जमलं असतं, पण पाटी उतरवावी लागली असती. त्याला राजमती हवी होती आणि पाटीही हवी होती. त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि तरीही तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अण्णा, सकाळी माझी उंची जास्त भरते. परत मोजा."

भिंतीला टेकून त्याने गुडघे जरासे वाकवले. नानासोंनी टेप लावली. पाच फूट नऊ. रकान्यात ५.९ टाकताच हिरवी अक्षरं आली: 'उंची जुळली.' एक इंच कमी झाल्याबरोबर सम्मेद उंच ठरला.

"बघा," अण्णा टोपी खाली ठेवत म्हणाले, "पोरानं उगंच वाढवून सांगितलं हुतं. मशिननं बराबर धरलं!"

राजमती हळूच जवळ आली. "दशांश न्हवं?" तिने विचारलं. सम्मेदने मान हलवली. "मग हसा की आज. आन् गुडघं सरळ करा आता."

तो हसला. स्वतःवर हसण्याची ती त्याची पहिलीच वेळ होती.

लग्न झालं. कागदोपत्री सम्मेद आजही पाच फूट नऊ इंच आहे, आणि पाटी जागेवर आहे. वाचकांनी यावर मोकळेपणाने हसावं. फक्त त्याआधी शाळेच्या दाखल्यावरची आपली जन्मतारीख पाहून घ्यावी. ती एक जून निघाली, तर गुडघे सरळ करून मगच हसावं.