पोशीच्या राबातले शिसे

सन १९९८च्या एप्रिलात महानगराच्या हवेतले चिमूटभर काळे कण पकडून त्यांची रीतसर चौकशी करण्यात आली. कणांत शिसे, जस्त, व्हॅनेडियम आणि पोटॅशियम सापडले. प्रत्येकाचा उगम शोधून बंद करणे आले. शिसे पेट्रोलमधून येत होते, पण मोटारमालकांनी मुदत मागितली. व्हॅनेडियम भट्ट्यांच्या तेलातून येत होते, तर कारखानदारांनी समिती मागितली. जस्त टायर झिजून येत होते. टायरांची बाजू मांडायला एक निवृत्त सचिवच उभे राहिले. पोटॅशियम तेवढे पोरके निघाले. ते लाकूड-पाला जाळल्याने येते, आणि त्याच्यासाठी कोणी मुदत मागितली नाही.

म्हणून हवा-निदान कक्षाचे कनिष्ठ शास्त्रज्ञ सुदर्शन केळुसकर पेट्रोलच्या जीपने मोखाड्यापुढच्या डोंगरउतारावर पोहोचले. तिथे पोशी आणि तिचा नवरा ढवळू शेताच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत आणि वर माती असे थर रचत होते.

"बाई, हे काय?"

"राब. पावसाआधी भाजायचाय. नाय भाजला त नागलीचा रोप व्हायचा नाय, सायब. मंग वरीसभर खायाचा काय?"

"भाजा. फक्त धूर शेताच्या हद्दीबाहेर जाता कामा नये."

ढवळूने आभाळाकडे पाहिले. "वाऱ्याला सांगून बघतू."

'पक्षकाराने वाऱ्याशी बोलणी करण्याची तयारी दर्शवली,' असे साहेबांनी नोंदवले आणि मोजणी होईपर्यंत काडी लावायला मनाई केली.

मोजणीचे यंत्र मे अखेरीस आले. त्याला वीज हवी होती. गावात विजेचे खांब होते, तारा यायच्या होत्या. तेव्हा भट्टीच्याच तेलावर चालणारा जनरेटर मागवून यंत्राला खेटून ठेवला. जीपही वाऱ्याच्या बाजूला दिवसभर घिरट्या घालत ठेवली, कारण एकदा बंद पडली की ढकलायला माणसे मिळत नसत. संध्याकाळी यंत्रातला पांढरा कागद काळाकुट्ट निघाला.

"सायब," पोशी म्हणाली, "मी आजून काडीच नाय लावली."

साहेब गंभीर झाले. "न पेटवता एवढे, तर पेटवल्यावर किती?"

तपासणीत शिसे, जस्त, व्हॅनेडियम सगळे सापडले. महानगराच्या तिन्ही दुखण्यांचा उगम पोशीच्या राबात असल्याचे सिद्ध झाले. पोटॅशियम नगण्य निघाले. ते लपवल्याचा संशय अहवालात स्वतंत्रपणे नमूद आहे. मोटारमालकांनी साहेबांचा सत्कार केला. पोशीला अपिलासाठी ऑगस्टची तारीख मिळाली.

पाऊस जूनमध्येच आला. न भाजलेला राब जागेवर कुजला, रोप झाले नाही. मला इथे संताप येतो, पण संतापासाठी अहवालात रकाना नाही.

नागली नाही म्हटल्यावर पोशी-ढवळू कामाला महानगरात गेले. सध्या ते तुमच्याच इमारतीत तुमच्या दुसऱ्या गाडीसाठी पार्किंग बांधत आहेत. संध्याकाळी पोशी तीन विटांवर फळकुटे पेटवून भात शिजवते, आणि डिसेंबरच्या नमुन्यात पोटॅशियम वाढले आहे. कक्षाला आनंद आहे: उगम स्वतःहून शहराच्या हद्दीत आला, आता कारवाई सोपी.

पोशीच्या चुलीविरुद्ध तुमच्या सोसायटीचा तक्रारअर्ज तयार आहे. खोकला थांबला की खाली येऊन तेवढी सही करून जा. घाबरू नका, तुमच्या गाडीचा त्यात उल्लेख नाही.