सील शाबूत, ऑईल जास्त

गाडीतलं ऑईल वाढलं, ही गोष्ट मापसाहेबांनी बायकोला सांगितली नाही. सगळी नोकरी वजनमापे खात्यात काढलेल्या माणसानं माप जास्त भरल्याची तक्रार कोणत्या तोंडानं करायची? आयुष्यभर त्यांनी कमी देणारे पकडले होते. तागड्याखाली चिंच चिकटवणारे पाहिले, पोचा आलेली लिटरची मापं पाहिली. त्यावरूनच गल्ली त्यांना मापसाहेब म्हणत असे आणि दूधवाला त्यांच्या दारात जरा हात सैल सोडूनच दूध ओतत असे.

दर रविवारी सकाळी ते आपल्या नव्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडत. ऑईलची पट्टी बाहेर काढून जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसत, पुन्हा आत घालत, पुन्हा काढत आणि डोळ्यांसमोर आडवी धरत. पट्टीवर दोन खुणा असतात. त्यांच्या मधे कुठेही ऑईल असलं तरी गाडीची तक्रार नसते. त्या रविवारी ते वरच्या खुणेच्याही वर होतं, आणि मापसाहेबांनी तर थेंबही घातला नव्हता.

ऑईल कमी झालं असतं तर त्यांना समजलं असतं. ऑईल जळतं, गळतं, गॅरेजवाला काढून घेतो. पण वाढतं कसं? नोकरीत त्यांना जास्त देऊ पाहणारे लोक एकाच जातकुळीचे भेटले होते. ज्यांना त्यांच्याकडून काहीतरी हवं असायचं ते.

आणि मापसाहेबांकडून सध्या काहीतरी हवं असलेला एकच माणूस होता. तो दातांचा डॉक्टर होता आणि त्याला त्यांची मुलगी हवी होती.

मुलगी हट्टी, पण बापाच्या वळणाची. "बाबा मनापासून हो म्हणाले तरच लग्न. नुसती मान डोलावलेली चालणार नाही," असं तिनं डॉक्टरला बजावलं होतं. बाबा कित्येक महिने मानही डोलवत नव्हते. दर शनिवारी संध्याकाळी डॉक्टर यायचा, स्कूटर बरोबर त्या गाडीला खेटून लावायचा आणि आत येऊन सगळ्याला छान म्हणायचा. चहा छान, पडदे छान, साहेबांची मतं तर फारच छान. 'अजिबात दुखणार नाही' असं दिवसभर सांगणं हाच त्याचा धंदा होता. शिवाय मुलीनं ताकीद देऊन ठेवली होती, "वाद घालू नकोस. बाबा म्हणतील त्याला हो म्हण."

पुढच्या शनिवारी तो सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच मापसाहेबांनी विचारलं, "माझ्या गाडीत ऑईल तुम्ही घालता का?"

डॉक्टरनं दाराकडे पाहिलं. मुलगी स्वयंपाकघरात होती.

"हो," तो म्हणाला.

"नेहमी?"

"जमेल तसं."

"कशासाठी?"

"आपलं... आपुलकीनं, काका."

"बॉनेटचा खटका गाडीच्या आत असतो. गाडीला कुलूप. उघडता कसे तुम्ही?"

"हळूहळू," डॉक्टर म्हणाला. "उघडायला लावणं हा माझा धंदाच आहे."

मापसाहेब उठून उभे राहिले. "नोकरीत मी कुणाचा चहा घेतला नाही. आता लिटरनं ऑईल घेऊ? तुम्ही यायचं बंद करा."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा डॉक्टर चपला शोधत होता. ती त्याला फाटकाशी गाठून म्हणाली, "तू खरंच ऑईल घातलंस?"

"मला माझ्या स्कूटरचंही कुठे घालतात माहीत नाही."

"मग हो का म्हणालास?"

"तूच म्हणालीस, हो म्हण म्हणून."

 ती आत गेली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. त्या आवाजावरून आईनं रात्रीच्या पोळ्या दोन कमी केल्या.

मापसाहेबांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जास्तीचं ऑईल काढून टाकलं. मग कपाटातून आपली सील मारायची जुनी पक्कड काढली. निवृत्तीच्या समारंभात खात्यानं ती मुलामा देऊन त्यांना भेट दिली होती. बॉनेटच्या फटीतून तार ओवून त्यांनी समोरच्या जाळीला बांधली, तारेच्या टोकांवर शिशाची गोळी ठेवली आणि दाबून सील केलं. आता गाडीवर सरकारी वचक बसला होता. सील लावूनही ते रोजच्यासारखे गाडी काढत, वाचनालयात जात, बाजारात जात. सिग्नलला लोक वाकून पाहत आणि ही गाडी जप्तीतली असावी असं ठरवून जरा लांब थांबत.

पुढच्या रविवारी त्यांनी सील भिंगातून तपासलं. गोळीवर ओरखडा नव्हता. स्वतःच्या हातानं सील तोडून पट्टी काढली, तर ऑईल पुन्हा वरच्या खुणेच्या वर. पुन्हा काढलं, पुन्हा सील केलं. आणखी काही दिवसांनी पाहिलं तर पुन्हा तेच.

ते पट्टी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सील शाबूत आणि माल जास्त," ते म्हणाले. "माझ्या सबंध नोकरीत असं झालं नाही."

बायकोनं पट्टीचा वास घेतला. "ह्याला डिझेलचा वास येतोय."

"डिझेलची गाडी आहे, वास येणारच."

"मग तुम्ही ऑईल कशाला मोजताय? ते राहू दे. सील शाबूत होतं म्हणता, तर तो पोरगा आत शिरला कसा?"

हा प्रश्न मापसाहेबांनी स्वतःला विचारायचं टाळलं होतं. ते पट्टी पुसत राहिले.

"तुम्ही एका निरपराध माणसाला घराबाहेर काढलंत," बायको म्हणाली, "आणि तुमची मुलगी माझ्याशीही धड बोलत नाहीये. चला, गाडी दाखवून आणू."

निघण्याआधी त्यांनी बॉनेटला पुन्हा सील ठोकलं. वाटेत कुणी हात लावला तर? सर्व्हिस सेंटरमधली मेकॅनिक मुलगी ते पाहून थबकली.

"हे काय आहे?"

"सील."

"काढू?"

"थांबा. दोन साक्षीदार लागतील."

एक साक्षीदार बायको झाली. दुसरा गाडी धुवायला आलेला एक गृहस्थ, त्याला आपण कशाचे साक्षीदार आहोत हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मेकॅनिकनं पट्टी काढली, बोटावर ऑईल चोळून पाहिलं. "काका, गाडी जाते कुठे कुठे?"

"वाचनालय. बाजार. बँक."

"लांब कुठे?"

"बँक लांबच आहे."

"मी चालत ह्यांच्या आधी पोचते," बायको म्हणाली.

"मग बरोबर," मेकॅनिक म्हणाली. "ऑईल कुणी घातलेलं नाही, त्यात डिझेल उतरलंय. या गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवायला जाळी असते. जाळी भरली की गाडी स्वतःच जादा डिझेल मारून ती काजळी जाळायला घेते. त्यासाठी गाडी लांब आणि जरा पळवत न्यावी लागते. तुम्ही बँकेपाशी बंद केलीत की काम अर्धं राहतं, न जळलेलं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. माप वाढतं आणि ऑईल पातळ होतं. असंच चाललं तर इंजिन जाईल."

"म्हणजे भेसळ," मापसाहेब म्हणाले. "माझ्याच गाडीत."

"ऑईल बदलून देते. पण दर आठवड्याला एकदा तरी हायवेवर अर्धा तास चांगली दामटा."

त्या संध्याकाळी डॉक्टरला निरोप गेला. माफी मागण्यासाठी नव्हे. लाच दिल्याचा आरोप मागे घेतला होता, पण खोटा कबुलीजबाब हा त्याहून मोठा गुन्हा होता आणि त्याची चौकशी बाकी होती.

रविवारी ते डॉक्टरला घेऊन हायवेला लागले. मापसाहेब चालवत होते. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून पुढे जात होते. भाताचा पेंढा भरलेला एक ट्रॅक्टरही पुढे गेला.

"न घातलेलं ऑईल घातलं, असं का सांगितलंत?"

"तुमच्या मनासारखं उत्तर द्यायचं होतं."

मापसाहेबांनी आणखी एका ट्रकला पुढे जाऊ दिलं. मग म्हणाले, "मी गाडी कशी चालवतो?"

"छान, काका."

"हे ऑईलसारखं छान, की खरं?"

डॉक्टरनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर मुलीचा चेहरा आला, फाटकाशी पाहिलेला. 

"वाईट चालवता."

"किती वाईट?"

"क्लचवरचा पाय तुम्ही उचलतच नाही. इंजिन मघापासून विव्हळतंय. मला धंद्यामुळे विव्हळणं लगेच कळतं. आणि तुम्ही घाबरून चालवता, काका. या वेगानं काजळी जळायची नाही, आणखी साचेल."

मापसाहेबांनी आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता. त्यांनी क्लचवरचा पाय काढला आणि दुसरा पाय दाबला. गाडीला बहुधा हे कुणी सुचवलेलंच नव्हतं, ती क्षणभर विचारात पडली आणि मग सुटली. पेंढ्याचा ट्रॅक्टर मागे पडला. एक ट्रक मागे पडला. मापसाहेबांचे उरलेसुरले केस उभे राहिले.

"आता?" त्यांनी ओरडून विचारलं.

"आता बरं. पण आपली लेन सोडून डावीकडे जाताय."

"सांगत राहा, थांबू नकोस," मापसाहेब म्हणाले. 'तुम्ही' कधी गळालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घरी आले तेव्हा माय-लेकी दारातच होत्या.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मला तोंडावर म्हणाला, तुम्ही गाडी वाईट चालवता. घाबरट आहात."

मुलीचा चेहरा उतरला. "असं म्हणालास तू?"

डॉक्टरनं मापसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्याकडून काही मदत नव्हती.

"हो," तो म्हणाला.

"बाबांना? एवढे दिवस मी काय सांगतेय आणि तू जाऊन त्यांनाच—"

"तू मधे पडू नकोस," मापसाहेब पाय धुवायला जाता जाता म्हणाले. "लग्नाची तारीख तुम्ही आणि आई मिळून ठरवा. रविवार सोडून कुठलीही चालेल. रविवारी आम्हाला लांब जायचं असतं."